विलंबाचे कारण

घरात तिला बारकी म्हणत. पन्नाशी उलटली, केस निम्मेअधिक पांढरे झाले, तरी दादा-वहिनीच्या तोंडी तेच नाव राहिलं. शाळेत मात्र ती शिट्टीबाई होती. तेवीस वर्षं तिने पोरांना मैदानावर पळवलं, आणि रेंगाळणाऱ्याच्या कानाशी जाऊन अशी शिट्टी वाजवली की तो पुढे आठवडाभर रेंगाळायचा नाही. मग एका वर्षी पटसंख्या घसरली, शाळा दुसऱ्या एका शाळेत विलीन झाली, आणि त्या शाळेकडे स्वतःचा शिट्टीमास्तर होता. बारकी घरी बसली.

घर दादाचंच. खाली दोन खोल्यांत दादा आणि वहिनी, वरच्या एका खोलीत बारकी. त्यांचा मुलगा दूरच्या गावी नोकरीला होता, त्याचा रविवारी फोन यायचा. बारकीने लग्न केलं नाही. केलं नाही की जमलं नाही, हा विषय घरात कुणी कधी काढला नाही, आणि कुणी काढू नये याची काळजीही दादानेच घेतली होती. वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि दादा सतराचा. त्याच वर्षी तो गोल्फ क्लबात कॅडी म्हणून लागला. लोकांच्या जड बॅगा खांद्यावर वाहून त्याने तिला शिकवलं, शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात घातलं, आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला गेला. चालत. दादा कुठेही चालतच जायचा, आणि त्याच्याबरोबर चालायचं म्हणजे दुसऱ्याला पळावं लागायचं.

घरी बसून बहीण खंगत चालली आहे हे दादाने दोन महिन्यांत हेरलं. मग त्याने सर्जनसाहेबांकडे शब्द टाकला.

सर्जनसाहेब म्हणजे शहरातले नावाजलेले डॉक्टर आणि क्लबाच्या कमिटीचे अध्यक्ष. गेली बावीस वर्षं त्यांची बॅग दादाच्याच खांद्यावर होती. वहिनीच्या पित्ताशयाचं ऑपरेशन त्यांनी स्वतःच्या हाताने केलं होतं. माणूस गोड बोलणारा. दादाला 'अरे' म्हणायचे, पण मायेने, आणि भेटल्यावर वहिनीची चौकशी केल्याशिवाय खेळायला सुरुवात करायचे नाहीत. त्यांनी एक फोन केला आणि बारकी मार्शल झाली.

मार्शलचं काम ऐकायला सोपं आहे. मैदानात अठरा होल; एक होल म्हणजे गवताचा लांब पट्टा आणि त्याच्या टोकाला झेंडा लावलेला खळगा. दर दहा मिनिटांनी चौघांचा एक गट निघतो. प्रत्येक गटाने पुढच्या गटाच्या मागोमाग राहायचं, म्हणजे सगळ्यांचा खेळ सव्वाचार तासांत आटोपतो. एक गट रेंगाळला की त्याच्या पुढे मैदान ओस पडतं आणि मागे माणसं बॅगांवर रेलून ताटकळतात. मार्शलने विजेच्या छोट्या गाडीतून फिरायचं, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या होलवर प्रत्येक गटाची वेळ टिपायची, आणि कुणी मागे पडलं तर जवळ जाऊन आवाज न चढवता सांगायचं. शिट्टी वाजवायची नाही. पहिल्या आठवड्यात बारकीचा हात दोनदा गळ्याशी गेला, मग सवय मोडली.

काम तिला जमलं. चेंडू गवतात हरवला तर शोधायला तीनच मिनिटं, दुसरा मारत असताना आपण तयार राहायचं, झेंड्यापाशी गप्पांचा फड जमवायचा नाही, आकडे पुढच्या होलवर जाऊन लिहायचे. हे सगळं ती अशा सुरात सांगायची की सांगितल्यासारखं वाटू नये. शनिवारी येणाऱ्या बायकांचा एक गट तर ती दिसली की आपणहून लगबग करायचा. "आल्या, आल्या मार्शलबाई," म्हणत हसायच्या. लाकडाचे एक व्यापारी होते ते कुरकुरायचे, पण पाय उचलायचे.

एक गट तेवढा कुणाला बधत नव्हता. रविवारी सकाळी सात वीसचा, सर्जनसाहेबांचा.

साहेबांचा खेळ म्हणजे एक सोहळा होता. आधी चेंडूच्या मागे उभं राहून लांबवर पाहायचं. मग दादाला अंतर विचारायचं. हातमोजा काढायचा, घालायचा. एक क्लब, म्हणजे मारायची काठी, घ्यायचा, तो परत देऊन दुसरा घ्यायचा. हवेत चार वेळा फिरवून बघायचा. पुन्हा मागे येऊन अंतर विचारायचं. तोवर सोबतच्या तिघांच्या दोन-दोन गोष्टी सांगून व्हायच्या. अशाने या गटाला सहा तास लागायला हवे होते, पण पाच लागायचे, आणि तो वाचलेला तास निव्वळ दादाचा होता. साहेबांनी चेंडू मारला की दादा त्याच्यावर नजर ठेवून, कुणाच्या लक्षात यायच्या आत पुढे निघालेला असायचा. साहेब पोचेपर्यंत चेंडू सापडलेला, पुसायचा तो पुसलेला, अंतर मनात मोजलेलं, आणि शेवटी साहेब जो क्लब निवडणार तो अर्धा बाहेर काढून ठेवलेला. एका रविवारी दादाला ताप होता, दुसरा कॅडी गेला होता. त्या दिवशी पाच तास पन्नास मिनिटं लागली. बारकीनेच टिपली होती.

मग तक्रारी सुरू झाल्या. रविवारी खेळायला गेलं की दुपारचं जेवण चुकतं, असं सभासद लेखी कळवू लागले. कमिटीने बैठक घेतली आणि नवा नियम केला. वेळेपेक्षा पंधरा मिनिटांहून जास्त मागे राहणाऱ्या गटाच्या नावावर खूण; एका महिन्यात तीन खुणा झाल्या तर रविवार सकाळची जागा तीन महिने बंद. नियमाच्या कागदावर अध्यक्ष म्हणून सर्जनसाहेबांची सही होती. बारकीला नवे छापील तक्ते मिळाले. शेवटच्या रकान्याचं नाव होतं 'विलंबाचे कारण'.

पहिल्या रविवारी सातव्या होलवर साहेबांच्या पुढे दोन होल रिकामे पडले होते. बारकीने गाडी झाडाशी थांबवली. दादाने तिला लांबूनच पाहिलं आणि बॅग सावरण्याच्या निमित्ताने मान हलवली, नको म्हणून. तिने पाहिलं आणि तरी गेली. साहेबांनी हातातला क्लब खाली टेकवून तिचं ऐकून घेतलं.

"बाई, घाईत केलेलं काम मी आयुष्यभर निस्तरत आलोय," ते हसून म्हणाले. "दुसऱ्या डॉक्टरांचं." सोबतचे तिघे हसले. दादाही हसला.

तिने अठराव्या होलवर चाळीस मिनिटं मागे असं लिहिलं. कारणाचा रकाना कोरा ठेवला. मिनिटं लिहिली हेच धाडस झालं, असं तिला वाटलं. घरी दादा चहा पिताना म्हणाला की साहेबांना उगाच बोललीस. तिने म्हटलं, नियम त्यांचाच आहे. दादा म्हणाला, "नियम त्यांचा आहे, म्हणून तर तो त्यांच्यासाठी नसतो. एवढी शिकलीस आणि एवढं कळत नाही?" आणि हसला. तीही हसली. वहिनीने दोघांना आणखी चहा ओतला.

दुसऱ्या रविवारी अडतीस मिनिटं. तिसऱ्या रविवारी चव्वेचाळीस. सोमवारी सेक्रेटरींनी तिला बोलावलं.

सेक्रेटरींची खोली टापटीप होती. टेबलावर काच, काचेखाली वर्षाचं वेळापत्रक, भिंतीला जुन्या अध्यक्षांच्या तसबिरी, कोपऱ्यात कुणी परत न्यायला न आलेल्या छत्र्या. सेक्रेटरी वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला आधी बसायला सांगितलं, पाणी मागवलं, मग तिचे तीन तक्ते ओळीने काचेवर मांडले.

"अक्षर सुंदर आहे तुमचं," ते म्हणाले. "पण शेवटचा रकाना कोरा आहे."

कारण सगळ्यांनाच माहीत आहे, असं बारकी म्हणाली.

"सगळ्यांना माहीत असलेलं कागदावर चालत नाही, बाई. कागदावर लिहिलेलं चालतं." त्यांनी चष्मा काढला. मग समजावून सांगावं तशा आवाजात त्यांनी सांगितलं की नियमाला एक पोटनियम आहे. विलंब कॅडीमुळे झाला असेल तर गटाच्या नावावर खूण धरत नाहीत. कॅडीला समज देतात, फार तर काही दिवस शनिवार-रविवारच्या यादीतून काढून मधल्या वारांना लावतात. महिन्याभरात सगळं पूर्ववत होतं. कुणाचं काही बिघडत नाही. अध्यक्षांनीच आपल्या नियमाने जागा गमावली असं झालं तर मात्र क्लबाची शोभा होईल.

सेक्रेटरींनी खण उघडून एक पाकीट बाहेर काढलं आणि तक्त्यांच्या शेजारी ठेवलं. तिच्या पुढच्या वर्षाच्या नेमणुकीचं पत्र तयार आहे, ते म्हणाले, फक्त सही राहिली आहे. कमिटीत कुणीतरी विचारत होतं की सख्खे भाऊबहीण एकाच ठिकाणी कसे. आपण काही उत्तर दिलं नाही. पण विचारत होतं.

पुढे कितीतरी दिवस बारकी त्या काही मिनिटांकडे परत परत जात राहिली. आपण काय विचार केला, हे तिला नीट आठवायचं. तिने असा विचार केला की दादा मधल्या वारांना जाईल, तेवढाच त्याच्या खांद्याला आराम. तिने असाही विचार केला की मी नाही लिहिलं तर मला काढतील आणि नवा मार्शल पहिल्याच दिवशी हेच लिहील, म्हणजे दोघांचंही जाईल. दोन्ही विचार बिनतोड होते. आणि त्या दोन्हींच्या तळाशी शाळा बंद पडल्यानंतरचे ते दोन महिने होते. वरच्या खोलीत सकाळी अकरा वाजता पलंगाच्या कडेवर बसून ती खाली वहिनी भांडी घासत असल्याचा आवाज ऐकायची, ते दिवस. पुन्हा तिथे बसायची तिची तयारी नव्हती. हे मात्र तिने तेव्हा मनाशीसुद्धा कबूल केलं नाही.

सेक्रेटरींनी पेन पुढे केलं. काय लिहू, असं तिने विचारलं. ते म्हणाले, तुम्ही जे पाहिलं ते.

तिने तिन्ही तक्त्यांवर लिहिलं. पहिल्यावर: कॅडीस चेंडू शोधण्यास वेळ लागला. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तेच पुन्हा लिहिणं तिला बरं दिसेना, म्हणून वेगळं लिहिलं: कॅडीची चाल मंद. फळ्यावर सुविचार लिहावा तसं, गोल, सुटसुटीत अक्षरात.

त्या संध्याकाळी दादाला सांगायचं असं ठरवूनच ती जिना उतरली. दादा पाय पसरून बसला होता आणि वहिनीला कुणाच्या तरी चेंडूची गंमत सांगत होता, तो कसा झाडाच्या ढोलीत जाऊन बसला आणि शोधणारे कसे खाली गवत उपसत राहिले. वहिनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. उद्या सांगू, असं बारकीने ठरवलं. मंगळवारी दादाला बरं वाटत नव्हतं. बुधवारी वहिनीची बहीण आली होती. गुरुवारी कमिटीने दादाला बोलावून घेतलं.

गुरुवारी संध्याकाळी तो घरी आला, पाय धुतले, टॉवेल जागेवर टांगला. बारकी खालीच होती. वहिनीने काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा त्याने सगळं सांगितलं, सावकाश, कुणा दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसं. लांब टेबलाच्या पलीकडे सातजण होते. मध्ये साहेब. सेक्रेटरींनी तक्ते वाचून दाखवले. मग कुणीतरी विचारलं, तुला काही म्हणायचंय का. दादाला वाटलं, आपण कशाला बोलायचं, साहेब बोलतील. बावीस वर्षं बघताहेत.

"मी त्यांच्याकडे बघत होतो," दादा म्हणाला. "ते चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, हा माझा जुना माणूस आहे, पण आता वय झालं त्याचं. मला बोलवत नव्हतं, पण बाईंनी लिहिलंच आहे तर आता त्याला विश्रांती द्यावी."

मधल्या वारांचं काही बोलणं निघालंच नव्हतं. विश्रांती म्हणजे यादीतून नाव काढणं. आणि एकट्याला काढलं तर बरं दिसणार नाही, म्हणून पंचावन्नच्या वरच्या सगळ्याच कॅडींना विश्रांती द्यायची असं ठरलं. दादा धरून सहाजण.

वहिनी बारकीकडे बघत होती. बारकी टॉवेलकडे.

"तू आपणहून लिहिलंस की त्यांनी लिहून घेतलं?" दादाने विचारलं.

हा प्रश्न त्याने तिच्यासाठी दार उघडं ठेवून विचारला होता, हे तिला कळलं. लिहून घेतलं म्हटलं असतं तर त्याने ते मानलं असतं, निदान मानल्यासारखं केलं असतं. आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. पण सेक्रेटरींनी एक शब्दही सांगितला नव्हता. शब्द तिचे होते.

"मीच लिहिलं," ती म्हणाली.

दादाने मान हलवली. मग म्हणाला, "चेंडू सापडत नाही लिहिलंस, ते ठीक. दिसत नाही लिहायचं होतंस, ऐकू येत नाही लिहायचं होतंस. म्हातारा झाला लिहायचं होतंस. चाल मंद का लिहिलंस गं?"

तेच तेच वाक्य बरं दिसत नव्हतं म्हणून, हे काय सांगायचं? ती वर गेली.

तिसऱ्या दिवशी वहिनी एक छोटी शेगडी आणि दोन पातेली घेऊन वर आली. खिडकीशी ती मांडली, नळी जोडली, पेटवून पाहिली. इतक्या वर्षांत वरच्या खोलीत स्वयंपाक झाला नव्हता. काही तरी बोलावं म्हणून बारकीने वहिनीच्या हातातलं पातेलं घ्यायला हात पुढे केला. वहिनीने ते खाली ठेवलं आणि जिन्याकडे वळली. "बटण घट्ट आहे," ती जाता जाता म्हणाली. "जपून फिरव."

बारकीची नेमणूक पुढच्या वर्षासाठी कायम झाली. पत्रासोबत अध्यक्षांच्या सहीची एक चिठ्ठीही होती, खेळाला शिस्त लावल्याबद्दल आभाराची.

दादाला तीन आठवड्यांनी एका इमारतीत पहारेकऱ्याचं काम मिळालं. फाटकाशी एक खुर्ची, एक वही, आणि येणाऱ्या गाड्यांचे नंबर टिपायचे. दिवसभर बसून त्याचे पाय सुजू लागले. संध्याकाळी वहिनी ते गरम पाण्यात बुडवून ठेवायची, आणि पाण्याची बादली सरकवल्याचा आवाज वर यायचा.

काढलेल्या सहांपैकी एकजण क्लबाच्या मागच्या रस्त्यावर राहायचा. बारकीची गाडी कुंपणाशेजारून गेली की तो दारातून उठून आत जायचा. बाकीचे कॅडी, जे तिच्याशी थट्टा करायचे, ते आता तिला पाहिलं की उगीचच जोरजोरात चालायला लागायचे.

इकडे सात वीसच्या गटाचं तंत्र साफ बिघडलं. नवा कॅडी चांगला धट्टाकट्टा होता, पण साहेबांच्या मनातलं त्याला कळत नव्हतं. चेंडू हरवायला लागले. साहेब तीन क्लब मागायचे आणि चौथ्याने मारायचे. पाच तास चाळीस. पाच पंचावन्न. दीड महिन्यात तीन कॅडी बदलून झाले. बारकी आता कारणाचा रकाना कोरा ठेवत नव्हती. खेळाडू प्रत्येक फटक्याआधी चार वेळा सराव करतात, असं ती दर रविवारी लिहायची. सेक्रेटरी वाचायचे, तक्ता खणात सरकवायचे आणि म्हणायचे, "छान." कुणाच्या नावावर खूण झाली नाही.

एका संध्याकाळी दादा कामावरून येताना तिला जिन्याखाली भेटला. तिने घाईघाईने त्याला सांगितलं की आता मी खरं काय ते लिहिते, दर रविवारी लिहिते.

"आता कशाला?" दादा म्हणाला. "तेव्हा तिथे माझं नाव होतं. आता लिहायला घरचं कुणी उरलं नाही, म्हणून होय?"

तो हे चिडून बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो फक्त दमला होता.

मग क्लबाची वार्षिक स्पर्धा झाली आणि सर्जनसाहेब पहिल्याच फेरीत बाद झाले. दुसऱ्या दिवशी ते आपणहून बारकीच्या गाडीपाशी आले. एक हात गाडीच्या टपावर ठेवला.

"तुमच्या भावाला सांगा, परत ये म्हणावं. कमिटीशी मी बोलतो," ते म्हणाले. "त्याच्यावाचून माझं काही खरं नाही. तुमच्या त्या कागदांमुळे उगीच घोटाळा झाला बघा. तुम्ही जरा फारच काटेकोर आहात."

साहेब टपावर दोनदा थोपटून गेले, रुग्णाच्या खांद्यावर थोपटावं तसं.

निरोप तिने वहिनीकडे दिला. तो जसाच्या तसा दिला, कागदांचं बोलणंसुद्धा गाळलं नाही. दादा नाही म्हणेल, अशी तिची खात्री होती. तिला ते हवंच होतं. त्याने नाही म्हटलं असतं, साहेबांना खडसावलं असतं, तर राग दोन ठिकाणी वाटला गेला असता आणि तिच्या वाट्याला थोडा कमी आला असता. सकाळी सहाला खालचं दार वाजलं. तिने खिडकीतून पाहिलं तेव्हा दादा टोपी घालून क्लबाच्या रस्त्याला लागला होता.

त्या संध्याकाळी ती खाली गेली. बोलावलं नसताना गेली. दादा वहिनीला सांगत होता की साहेबांनी सगळ्यांदेखत त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बाकीच्या पाचांचं काय, असं बारकीने विचारलं. दादा म्हणाला, त्यांच्याबद्दल काही बोलणं झालं नाही.

"आणि तू गेलास," बारकी म्हणाली. "त्यांनी समोर बसून चष्मा पुसला, आणि तू त्यांच्याकडे गेलास. माझ्याशी मात्र चार महिने धड बोलत नाहीस."

दादाने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग शोधून सापडला नसता.

"ते परके," तो म्हणाला. "परक्यावर रुसून काय करायचं?"

वहिनी उठून आत गेली. बारकी वर गेली.

पुढच्या रविवारी सात वीसचा गट पुन्हा पाच तासांवर आला. सातव्या होलवर पुढे दोन होल मोकळे होते. मागे लाकडाचे व्यापारी कमरेवर हात ठेवून उभे होते. बारकीने गाडी थांबवली आणि गवतातून चालत गेली. साहेब झेंड्याजवळ वाकून चेंडू कुठल्या रेघेत जाईल ते पाहत होते. बॅग दादाच्या खांद्यावर होती. ती चार पावलांवर आली तेव्हा दादाने तिला हात करून थांबवलं.

"मार्शलबाई, साहेब खेळताहेत," तो हलक्या आवाजात म्हणाला. "जरा तिथेच थांबा."

बारकी थांबली. आधी तिला वाटलं, क्लबात आहोत म्हणून, साहेबांदेखत म्हणून त्याने तसं म्हटलं. पण त्या संध्याकाळी जिन्यात समोरासमोर आले तेव्हा तो बाजूला सरकून म्हणाला, "या, तुम्ही व्हा पुढे." तिथे कुणीही नव्हतं. त्यानंतर त्याच्या तोंडी तेच कायम राहिलं. वहिनीला निरोप द्यायचा तरी तो म्हणायचा, त्यांना सांग, पाणी लवकर जाणार आहे. पाहुण्यांशी बोलावं तसं तो तिच्याशी चांगलं बोलायचा.

त्या सकाळी ती तिथेच उभी असताना साहेबांनी चेंडू हळूच ढकलला. तो होलच्या काठावरून निसटला. ते पुन्हा मागे गेले, वाकले, रेघ पाहू लागले. बारकीने घड्याळ पाहिलं, तक्त्यावर वेळ टिपली आणि गाडीकडे परतली.

तीन होल मागे शनिवारच्या बायकांचा गट होता. त्या आठवड्यात त्या रविवारी आल्या होत्या. पुढच्यांमुळे त्याही अडकल्या होत्या, पण नुकत्याच संपवलेल्या होलवर त्यांची स्वतःची चार मिनिटं गेली होती. बारकीने गाडी त्यांच्या शेजारी आणली आणि म्हणाली की तुम्ही चार मिनिटं मागे आहात, जरा भरभर चला.

त्यांच्यातली एक काही सांगणार होती, पुढे बघा म्हणून हात दाखवणार होती. पण तिने बारकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. "हो बाई, चुकलंच," ती म्हणाली. मग चौघींनी आपापल्या बॅगा उचलल्या आणि माना खाली घालून भराभरा चालायला लागल्या.